हातभर अंतरावरची गाठ

वालूरच्या बन्सीधर मुनशीला एक खोड होती. माणूस समोर आला की तो त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळायचा, सदऱ्याच्या खिशातून तपकिरीच्या डबीशेजारची वीतभर वही काढायचा आणि त्या माणसाच्या नावापुढं उर्दूतला एकच शब्द लिहून मोकळा व्हायचा. जिंतूरच्या शाळेत उर्दू शिकलेला गडी, शब्दांना काय तोटा! सुस्त. मगरूर. झगडालू. कामचोर. एकदा लिहिलेला शब्द सहसा बदलायचा नाही, कारण बदलायचा म्हणजे आपण चुकलो असं कबूल करायचं. स्वतःच्या नावापुढं त्यानं काय लिहिलं होतं, असं कुणी विचारू नये. ते पान त्या वहीत नव्हतंच.

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. फौजेला घोंगड्या हव्या होत्या आणि सेलूच्या किशनराव ठेकेदारानं त्या पुरवायचं काम अंगावर घेतलं होतं. एरवी धनगराच्या घरी घोंगडी सवडीनं होते. बाई परसात बसून चरख्यावर लोकर कातणार, गडी ओसरीवर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणणार, मध्येच मेंढरांकडं जाऊन येणार. किशनरावाला सवड नको होती, घोंगड्या हव्या होत्या. त्यानं आसपासच्या गावांतली लोकर झाडून उचलली, वेशीजवळचं रिकामं सरकीचं गोदाम घेतलं आणि घरोघरचे माग एका छपराखाली आणून बसवले. चौदा माग आणि बावीस कातणाऱ्या. त्यांच्यावर देखरेखीला बन्सीधर.

"मला मानसं वळखनारा मानूस पायजे," असं किशनराव म्हणाला होता. हे वाक्य बन्सीधरनं त्या दिवशी घरी येऊन बायकोला तीनदा ऐकवलं. मनकर्णा भाकरी थापत होती. ती तिन्ही वेळा "बरं" म्हणाली.

गोदामात कुणी कुठं बसायचं हे बन्सीधरनं स्वतः ठरवलं. एका भिंतीला मागांचे खड्डे खणवले, समोरच्या भिंतीला चरखे मांडले. ज्या घरचा माग, त्याच घरची कातणारी बरोबर त्याच्या समोर. घरचं सूत घरच्या मागावर! विणणाऱ्याच्या हाताला सूत ओळखीचं आणि हे सूत तुझं की माझं या भांडणाला जागाच नाही. किशनरावानं पाठ थोपटली. खरं सांगायचं तर व्यवस्था चांगलीच होती. नवऱ्यासमोर बायको, लेकासमोर आई, भावासमोर बहीण, आणि ज्यांचा माग नव्हता त्या बायका ओळीच्या शेवटी. आठ दिवसांत काम रुळावर आलं.

फक्त दाराजवळच्या पहिल्या जोडीचं काही जमेना.

तिथं येडबा बसायचा. पासष्टी उलटलेला, पंचक्रोशीत ज्याच्या घोंगडीतून पाणी गळत नाही म्हणतात तो हा येडबा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला होता, म्हणून बन्सीधरनं आपणहून त्याला दाराजवळची, उजेडाची जागा दिली होती. त्याच्यासमोर भिवराबाई, त्याची सून. येडबाची बायको दोन वर्षांमागं मुलाच्या लग्नाचा मांडव उतरला आणि महिन्याभरात गेली. मुलगा ग्यानबा मेंढरं घेऊन गोदावरीपल्याड, राणीसावरगावच्या शिवारात उतरलेला. तो आता चार महिन्यांनीच दिसणार. म्हणजे घरात सासरा आणि सून, दोघंच.

अशा घरात बोलणं कसं चालतं ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. सासऱ्याला पाणी हवं असलं की तो भिंतीकडं बघून खाकरणार. सून तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जाणार. तो ओसरीवर विणणार, ती परसात कातणार, आणि सुताचा गुंडा तयार झाला की दुरडीत घालून मधल्या दाराशी सरकवणार. तोंडाला तोंड नाही की नजरेला नजर नाही. तरी दोन वर्षं त्या घरातलं सूत आणि घोंगडी यांचं कधी बिनसलं नव्हतं.

कामावर घेताना प्रत्येक बाईकडून नमुन्याचा एक गुंडा मागवला होता. भिवराबाईचा गुंडा येडबानंच आणून दिला होता. बन्सीधरनं धागा ताणून पाहिला, चिमटीतून ओढून पाहिला. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एकसारखा. त्यानं वही काढली आणि साऱ्या वहीत नसलेला शब्द तिच्या नावापुढं लिहिला. हुनरमंद, म्हणजे कसबी.

आणि आता तीच भिवराबाई कातत होती ते सूत गाठाळ. मध्येच जाड, मध्येच बारीक. दिवसाला इतर बायकांच्या निम्मंही नाही. विचारावं तर बोलायची नाही. मान खाली, पदर पार नाकापर्यंत ओढलेला आणि पदराचं टोक दातात धरलेलं. बन्सीधरनं आठवडाभर वाट पाहिली. मग हुनरमंदवर रेघ ओढली आणि सुस्त लिहिलं. शब्द बदलावा लागला याचा राग त्याला आला तो वेगळाच.

शनिवारी किशनराव आला आणि येडबाच्या तीन घोंगड्या त्यानं बाजूला काढून फेकल्या. "असल्या गाठी फौजेच्या अंगावर रुतत्यात. सूत कुनाचं हाय ते बघा आन् ती बाई बंद करा," असं म्हणून तो निघून गेला.

बन्सीधर भिवराबाईच्या चरख्यासमोर जाऊन उभा राहिला. एका हातात नमुन्याचा गुंडा, दुसऱ्या हातात आजचा.

"ह्ये दोन्ही एकाच हाताचे हाईत, असं म्हननं हाय का तुजं?"

भिवराबाईची मान आणखी खाली गेली.

"मंग नमुना कुनाकडून कातून आनलास?"

बावीस चरखे थांबले. येडबा खड्ड्यातून उठला.

"मुनशीजी, ते सूत तिचंच हाय. दोन वर्सं झाली, त्याच सुताची घोंगडी इनायलो मी."

"आन् हे?"

येडबानं दुसरा गुंडा हातात घेतला. डोळे मिटून हातभर धागा बोटांतून सोडला. त्याच्या कपाळावर आठी पडली. सुनेच्या हाताला काय झालंय ते त्यालाही उमगेना.

"ह्याचं मला सांगता याचं न्हाई," तो म्हणाला. "पर पैलं तिचंच. शपथ घ्या म्हनलं तर घेतो."

म्हातारा घरच्या माणसावर पांघरूण घालतोय, असं बन्सीधरच्या मनानं घेतलं. माणसं ओळखणारा माणूस ना तो! "बाजाराच्या दिवसानंतर येऊ नगं," एवढंच तो भिवराबाईला म्हणाला आणि सगळ्यांसमोर वही काढून सुस्तच्या जागी दगाबाज लिहिलं. बायकांना वाचता येत नव्हतं, पण काही चांगलं लिहिलं नाही हे सगळ्यांना कळलं. ओळीतली थोरली कडूबाई तोंड उघडता उघडता राहिली.

भिवराबाईनं चरख्याच्या चाकावरची दोरीची माळ उतरवली, उरलेली लोकर टोपल्यात नीट झाकली आणि ती बाहेर पडली. तिच्यामागं येडबानं पुन्हा खड्ड्यात बसून हातातली ओळ पूर्ण केली, धागा तोडला.

"परवा यिऊन माग सोडून नेतो," तो म्हणाला.

"तुमाला कोन जा म्हनलं, येडबा?"

"तिला खोटं म्हनलाव. ती माज्या घरची हाय. आता लोकर तर सारी ठेकेदाराच्या घरात, घरी बसून इनू काय? ती ग्यानबाकडं जाईल मेंढरामागं. मी बी जातो तिच्यासंगं."

डोळ्यांना नीट न दिसणारा म्हातारा मेंढरांमागं रान तुडवत कुठवर जाणार, हे बन्सीधरला कळत नव्हतं असं नाही. पण लिहिलेला शब्द मागं घ्यायचा तर कारण पाहिजे, आणि त्याच्याकडं कारण नव्हतं. दोन्ही गुंडे खिशात कोंबून तो घरी गेला. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वालूरचा बाजार, गोदामाला सुट्टी. बाजाराच्या दिवशी चारठाण्याहून बन्सीधरचे वडील माणिकराव, म्हणजे आबा, यायचे, हे ठरलेलं. म्हातारा गप्पिष्ट. आला की बाहेर ओसरीवर न बसता थेट सैपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचा आणि चारठाण्यातली झाडून सगळी हकिकत सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, देवळाच्या ओट्यावर कोण कुणाशी भांडलं, कुणाची सोयरीक जमली. ऐकणारं कुणी आहे की नाही याची त्याला फिकीर नसायची.

आता मनकर्णाची भाकरी म्हणजे गल्लीत नाव घेण्यासारखी गोष्ट. गोल, पातळ, तव्यावर टाकली की टम्म फुगणारी. पण माणिकराव आले की भाकरी फाटायची. दहा वर्षं असंच चाललं होतं आणि दहा वर्षं बन्सीधरला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. मनकर्णाला आपल्या वडिलांचा राग येतो, तो ती भाकरीवर काढते. वहीत त्यानं हे लिहिलं नव्हतं, पण मनात लिहिलं होतं. तिला कधी बोलून दाखवलं नाही, इतका तो शहाणा होता. मात्र आबा येऊन गेले की दोन दिवस तो तिच्याशी जरा तुटकच वागायचा.

त्या दिवशी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हणून असेल, तो आतल्या खांबाला टेकून नुसता बघत बसला होता. आबांची हकिकत रंगात आली होती. मनकर्णा परातीत भाकरी थापत होती. चार थापा झाल्या की डोक्यावरचा पदर घसरायचा. समोर सासरा. दोन्ही हात पिठात. मग ती डाव्या हाताच्या मनगटानं पदर पुढं ओढायची, तेवढ्यात आधार सुटलेली डावीकडची कड पातळ व्हायची, आणि भाकरी उचलताना नेमकी तिथंच चिरायची. दुसरी भाकरी, डावी कड. तिसरी भाकरी, डावी कड.

राग काढणारं माणूस दर वेळी एकाच जागी कशाला फाडेल?

बन्सीधर ताडकन उठला. खुंटीवरच्या सदऱ्यातून कालचा गाठाळ गुंडा काढला आणि अंगणात जाऊन उलगडायला लागला. हातभर धागा सरळ, मग गाठ. पुन्हा हातभर सरळ, पुन्हा गाठ. पुन्हा हातभर. गाठींच्या मधलं सूत बोटांना लावलं, तर अगदी नमुन्यासारखं. आळशी बाईचं सूत कुठंही बिघडलं असतं. हे सूत हातभर ओढून झालं की बिघडत होतं. चरख्यावर एक हात चाक फिरवतो आणि दुसरा लोकर धरून मागं जातो. पूर्ण हातभर मागं जातो, तेव्हा खांदा ओढला जातो. खांदा ओढला की पदर घसरतो.

मांडीवर सुताचा गुंता झाला होता, तो त्यानं पुन्हा गुंडाळला.

माणिकराव जेवून बाजारात गेल्यावर तो चुलीपाशी आला.

"आबा आल्यावर तुजी भाकरी का फाटती गं?"

मनकर्णा चपापली. "दहा वर्सांनी इचारायलाव?"

"मला वाटायचं, तुला आबांचा राग येतो."

तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलं.

"राग?" ती म्हणाली. "मामंजी दर खेपेला माज्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून बोरं आनत्यात. माज्या बापानं कदी आनली न्हाईत. माजे हात दोनच हाईत, अवो. ते पिठात. पदर कुनी सावरायचा?"

"मंग सांगायचं न्हाईस?"

"काय सांगू? मामंजींना हितून उठवा म्हनून? तिकडं चारठान्याला त्यास्नी कोन इचारतंय? हितं बसून बोलत्यात, तेवढंच त्यास्नी सुख. फाटली भाकरी तर फाटली."

बन्सीधरला फार वाईट वाटलं. रीत त्याला ठाऊक होती. ज्या घरात वाढला त्या घरात तीच रीत होती. पण ती रीत पाळताना हातांचं काय होतं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. दहा वर्षं शेजारी नांदणारी बाई त्याला वाचता आली नव्हती, आणि खिशात बावीस जणींची वही घेऊन तो फिरत होता. दहा वर्षांतले ते दोन-दोन तुटक दिवस त्यानं मनातल्या मनात मोजून पाहिले आणि पुढं मोजवेना म्हणून चपला पायांत घातल्या.

धनगरांच्या वस्तीवर पोचला तेव्हा उन्हं अजून चांगली होती. येडबा मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी दोर गुंडाळत बसला होता. घराच्या दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं. आत भिवराबाई होती, कारण बांगड्या वाजत होत्या. दारासमोर बोलायचं नाही एवढी अक्कल बन्सीधरला आता आली होती. तो येडबाला कुंपणाच्या पलीकडं घेऊन गेला.

"चूक माजी हाय," तो म्हणाला. "सूत तिचंच हाय. दोन्ही गुंडे तिचेच." आणि हातभर अंतरावरची गाठ त्यानं येडबाच्या बोटांखाली धरली. एक गाठ, दुसरी गाठ, तिसरी. मग आपल्या घरच्या भाकरीची गोष्ट सांगितली, काही न लपवता.

येडबानं ती गाठ बराच वेळ अंगठ्याखाली फिरवली.

"म्हंजी माज्यामुळं," तो म्हणाला.

"न्हाई. बसवलं मी. बाकीच्यांम्होरं पदर डोईवर असला की झालं. तुमच्याम्होरं तो नाकापतुर लागतो. दातात धरल्याबिगर ऱ्हात न्हाई. आन् दातात पदर धरून मला जबाब कसा देनार ती?"

"आन् सांगितलंबी न्हाई पोरीनं," येडबा स्वतःशीच म्हणाला. "माजी उजेडाची जागा जाईल म्हनून."

हे बन्सीधरच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या बरोबर आलं.

"मी तिला मागच्या कोपऱ्यात बसवतो," बन्सीधर घाईनं म्हणाला. "गठ्ठ्यांच्या आड. तुमी हाय तिथंच ऱ्हावा."

"तिला नगं." येडबा ठाम होता. "तिची सासू गेल्यापासून घरात बाईमानूस न्हाई. दिसभर कुनाशी सबुद न्हाई पोरीचा. तिथं बायांच्या ओळीत बसली तर दोन गोष्टी बोलंल तरी. मला उचला."

"मागं उजेड न्हाई, येडबा. तुमचे डोळे असे."

"सूत बरं असलं की बोटाला दिसतंय," येडबा म्हणाला. मग घराकडं येऊन, नेहमीसारखा भिंतीकडं तोंड करून, मोठ्यानं बोलला, "मुनशीजी आल्यात. सूत खरं हाय म्हनत्यात. उद्या कामावर जायाचं हाय."

आतली बांगडी थांबली. थोड्या वेळानं दारातलं गाठोडं आत ओढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात लोकांनी नवलाची गोष्ट पाहिली. मुनशी धोतर खोचून, कुदळ घेऊन, मागच्या भिंतीपाशी खड्डा खणत होता. पुढं लोकरीचे गठ्ठे छातीएवढे रचलेले, त्यांच्या आड येडबाचा माग बसला. दाराजवळचा जुना खड्डा बुजवून टाकला. चौदा मागांचा हिशेब बरोबर राहिला, फक्त भिवराबाईच्या समोर आता उघडं दार होतं आणि दारातून येणारं ऊन.

हात झटकत बन्सीधर बायकांच्या ओळीपुढं येऊन उभा राहिला. सगळ्यांसमोर खोटं ठरवलं होतं, तेव्हा खरंही सगळ्यांसमोरच ठरवायला हवं होतं.

"शनवारी मी भिवराबाईला खोटं म्हनलो," तो म्हणाला. "खोटा मी होतो. नमुन्याचं सूत तिचंच हाय. मला बसवायची अक्कल न्हवती."

"आमाला वाटलं, तुमाला ठावं असंल," कडूबाई म्हणाली. "एवढी शिकलेली मान्सं तुमी! आमी म्हनलं, ठेकेदाराचाच हुकूम असंल सासऱ्याम्होरं बसवायचा."

बायका पदराआड हसल्या. बन्सीधर मान खाली घालून उभा राहिला. ज्या गोष्टीचं कोडं त्याला इतके दिवस पडलं होतं, ती बावीस जणींना पहिल्या दिवसापासून माहीत होती. ती सांगायची असते, एवढंच कुणाला वाटलं नव्हतं.

भिवराबाईनं पदर नाकावरून कपाळावर नेला. विशीतली पोर, हनुवटीवर गोंदण, डोळे टपोरे. तिचा चेहरा बन्सीधरनं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तिनं हात पुढं केला.

"मुनशीजी, माजा गुंडा द्या," ती म्हणाली. "तुमच्या खिशात ऱ्हाऊन त्याला तपकिरीचा वास लागला असंल."

असा हशा पिकला की मागावरचे गडीही थांबले. बन्सीधरनं मुकाट्यानं दोन्ही गुंडे तिच्या हातावर ठेवले.

आणि मग त्या गोदामानं घुमी म्हणून ओळखलेल्या भिवराबाईनं जे तोंड उघडलं, ते मिटायचं नाव घेईना. चरखा सरसर चालायचा, सूत पाण्याच्या धारेसारखं सरळ यायचं, आणि तोंडही तितकंच चालायचं. मेंढरांच्या गोष्टी, माहेरच्या गोष्टी, ग्यानबा आपल्याच कुत्र्याला भिऊन झाडावर कसा चढला ती गोष्ट. नकला तर अशा करायची की कडूबाई पोट धरून कलंडायची. तिचा गुंडा भरला की कडूबाई तो उचलून गठ्ठ्यांच्या आड येडबाच्या दुरडीत टाकून यायची. येडबाची घोंगडी पुन्हा पहिल्यासारखी व्हायला लागली. पुढच्या खेपेला किशनरावानं ती हातात घेऊन पसंतीनं मान डोलावली.

वही बन्सीधरच्या खिशात होती, पण बाहेर निघत नव्हती. निघाली तर लिहिलेली पानं फाडायची का ठेवायची, हे अजून त्याचं ठरलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी, दुपारचं ऊन दारातून आत सरकलेलं असताना, बन्सीधर मागांच्या ओळीतून चालला होता. त्याला सवयीनं मोजता यायचं, किती माग चालू आहेत ते थापांवरून कळायचं. तेरा. मागचा माग बंद होता. पहिल्यांदा त्याच्या जिभेवर जुनाच शब्द आला, कामचोर. तो त्यानं गिळला आणि गठ्ठ्यांना वळसा घालून पलीकडं गेला.

येडबा खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हात मागावर तसेच, हलत नव्हते. मान वाकडी करून, कान गठ्ठ्यांकडं लावलेला.

"माग का थांबला, येडबा?" बन्सीधरनं हळूच विचारलं.

"सूत संपलंय," येडबा म्हणाला.

त्याच्या मांडीपाशी दुरडीत पाच गुंडे भरलेले होते.

गठ्ठ्यांच्या पलीकडं भिवराबाई मुनशीची नक्कल करत होती. कमरेवर हात ठेवल्याचंही आवाजावरून कळत होतं. "घरचं सूत घरच्या मागावर! मानसं वळखतो मी!" आणि मग ती स्वतःच आधी हसली. खळखळून, भान विसरून, धापा टाकत. बाकीच्या बायकांचं हसणं त्याच्यामागून आलं.

येडबाच्या धूसर डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलं नाही. हात हलवला असता तर माग वाजला असता.

"दोन वर्सं झाली, मुनशीजी," तो कुजबुजला. "आमची सून हसती, हे मला ठावंच न्हवतं."

पलीकडं पुन्हा त्याचीच नक्कल सुरू झाली.

"असं करा, तुमी बसा. सूत मी आनतो," तो म्हणाला, आणि आवाज न करता चपला काढून, लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून, तिथंच येडबाच्या शेजारी बसला.